फँटसी आरपीजीचे स्वतःचे नियम लिहितोय, जुन्यातलं काय ठेवू आणि काय काढू?

फासेबाज

मंडळी, जरा लांबण लागणारे, आधीच सांगून ठेवतो.

पुण्यात आमचा पाच-सहा जणांचा ग्रुप आहे, रविवारी दुपारी कोणाच्या तरी घरी जमतो आणि बरीच वर्षं डंजन्स अँड ड्रॅगन्स या आरपीजीची (म्हणजे आपण एकेक पात्र व्हायचं आणि फासे टाकत गोष्ट खेळायची) पाचवी आवृत्ती खेळतो (पुढे नुसतं ५ई म्हणतो). कंटाळा आलाय असं नाही, पण लेव्हल वाढली की एकेक लढाई अख्खी दुपार खाते, नवीन कोणी आलं की कॅरॅक्टर शीट समजावण्यातच पहिलं सेशन संपतं, आणि मुख्य म्हणजे गुहेत शिरायचं, चाचपडायचं, घाबरायचं ती मजा कुठेतरी पातळ झालीय. म्हणून पुढच्या कॅम्पेनला नियम मीच लिहायला घेतलेत. विकायचे वगैरे नाहीत हो, आपल्या टेबलापुरतेच.

तर लिहायला बसलो आणि बघतो तर काय, अर्ध्या गोष्टी हात आपोआप उतरवतोय. सहा अ‍ॅबिलिटी, म्हणजे पात्राची ताकद, चपळाई वगैरे, प्रत्येकी तीन ते अठरा. आर्मर क्लास (एसी), म्हणजे समोरच्याला वार लागणं किती अवघड ते. आधी डी२० (वीस बाजूंचा फासा) टाकून वार लागला का ते बघायचं, मग दुसरा फासा टाकून किती लागला ते बघायचं. हिट पॉइंट (किती मार सोसता येतो), लेव्हल, क्लास (फायटर, विझार्ड असा पात्राचा प्रकार). हे सगळं १९७४ चं, म्हणजे मूळ खेळाचे कर्ते गायगॅक्स आणि आर्नेसन यांच्या त्या तीन छोट्या पुस्तिकांमधलं, आणि त्यातलंही बरंच त्याच्या आधीच्या टेबलावरच्या युद्धखेळांतून आलेलं. आता पन्नास वर्षं झाली. ५ई मध्ये स्ट्रेंग्थ १४ असली काय आणि १५ असली काय, फाशात मिळवायचा बोनस +२ च. मग तो १५ लिहायचाच कशाला?

ग्रुपमध्ये दोन तट पडलेत. आमच्यातला एकजण लहानपणी मोठ्या भावाबरोबर दुसरी आवृत्ती खेळलाय, त्याचं म्हणणं असं की सहा अ‍ॅबिलिटी आणि डी२० काढलास तर मग तो तुझा खेळ, आमचा नाही. दुसरी आमची मैत्रीण नवीन नवीन इंडी गेम वाचून येते, ती म्हणते तू ५ई वरच रंगरंगोटी करणार असशील तर एवढी मेहनत कशाला, आहे तेच खेळू. दोघांचंही पटतं हाच माझा प्रॉब्लेम आहे.

तर अनुभवी लोकांनी सांगा. जुन्या गोष्टींपैकी खरंच काम करणारी कुठली आणि नुसती सवयीने राहिलेली कुठली? मला अडलंय ते तीन ठिकाणी, अ‍ॅबिलिटी स्कोअर, वार लागण्याचा रोल आणि एक्सपी (लेव्हल वाढायला लागणारे अनुभवाचे गुण). अलाइनमेंट (पात्र चांगलं की वाईट, शिस्तीचं की बेबंद याचा शिक्का) मी आधीच काढून टाकलीय, त्यावर कृपया वाद नको.

वेताळ_टेकडीवाला

अलाइनमेंटवर वाद नको म्हणणं हाच वाद आहे, पण असो.

नियम जुना की नवा हे बाजूला ठेव, तो टेबलावरच्या लोकांना काय करायला लावतो तेवढंच बघ. तू म्हणतोस गुहेतली भीती पातळ झाली. ती का झाली तर माझ्या मते एक्सपीमुळे, आर्मर क्लासचा त्यात काही दोष नाही.

मूळ खेळात, आणि १९८१ च्या मोल्डव्हे आणि कुक यांच्या बेसिक-एक्सपर्ट संचात तर फारच स्वच्छपणे, एका सोन्याच्या नाण्याला एक एक्सपी होता, अट एवढीच की खजिना सुखरूप बाहेर काढला पाहिजे. फायटरला दुसऱ्या लेव्हलला जायला २००० एक्सपी लागतात. एक ऑर्क मारला की मिळतात १०, तेही सगळ्यांत वाटून. आता तूच हिशोब कर. एकट्याने दोनशे ऑर्क मारणार, का ऑर्क झोपलेत तोवर मागच्या भुयारातून त्यांची पेटी लांबवणार? म्हणजे त्या नियमाने खेळाडू आपसूकच चोर, मुत्सद्दी आणि भित्रे होतात, डीएमला (खेळ चालवणाऱ्याला) कोणाच्या हातापाया पडून 'जरा डोकं वापरा रे' म्हणावं लागत नाही.

आणि हा नियम एकटा नव्हता. एक टर्न दहा मिनिटांचा, मशाल सहा टर्न टिकते. दर दोन टर्नला डीएम डी६ टाकतो, १ आला की भटकं मॉन्स्टर येतं आणि त्याच्याकडे खजिना बहुतेक वेळा नसतोच, म्हणजे मारून फायदा शून्य आणि रक्त मात्र सांडणार. वजन नाण्यांत मोजायचं, दहा नाणी म्हणजे एक पाउंड. ज्या सोन्यासाठी आत शिरलात तेच सोनं तुमची चाल मंद करणार, चाल मंद झाली की टर्न जास्त लागणार, टर्न जास्त लागले की मशाली जास्त जळणार आणि तो डी६ पण जास्त वेळा पडणार. सगळं एकमेकात अडकलेलं आहे. जुन्या वाड्याचा मधलाच खांब काढून वर तुळई का वाकली म्हणून विचारण्यात अर्थ नाही.

१९८९ ला दुसऱ्या आवृत्तीने नेमका हा सोन्याचा एक्सपी ऐच्छिक करून टाकला. हेतू चांगलाच होता, लोकांना शूर वीरांच्या मोठ्या गोष्टी खेळायच्या होत्या, नाणी वेचणं त्यात शोभत नव्हतं. पण मग मशाल, वजन, भटके मॉन्स्टर हे सगळं पुस्तकात राहिलं आणि ते कशासाठी आहे हेच कळेना, नुसती कारकुनी वाटायला लागली, म्हणून लोकांनी घरोघरी तेही सोडून दिलं. आज ५ई मध्ये उजेडाचा कँट्रिप (छोटा मंत्र) फुकट आहे, अर्ध्याअधिक वंशांना अंधारात दिसतं, आणि बऱ्याच टेबलांवर एक्सपीऐवजी डीएम सांगेल तेव्हा लेव्हल वाढते. घाबरायचं कशाला?

म्हणून माझं मत, सोन्याचा एक्सपी परत आण आणि त्याला चिकटलेलं सगळं एकत्र आण. अर्धवट आणणार असशील तर आणूच नकोस.

हां, परत आणायचं म्हणजे १९८१ चं पान जसंच्या तसं उतरवायचं असंही नाही. २०२३ मध्ये केल्सी डिऑन यांचं शॅडोडार्क आलं बघ, त्यात मशाल खऱ्या घड्याळाचा एक तास जळते, म्हणजे तुम्ही समोसा खात गप्पा मारत बसलात तरी ती जळतेच आहे. आर्मर क्लास चढता (आकडा मोठा तितका वार लागणं अवघड), अ‍ॅडव्हान्टेज (दोन डी२० टाकून मोठा धरायचा) ५ई सारखा, आणि सामानाला स्ट्रेंग्थएवढे (निदान दहा तरी) खाने, पाउंड-बिऊंड काही नाही. खऱ्या घड्याळाची मशाल जुन्या संचात नव्हती, पण जुन्या पुस्तकांना जे साधायचं होतं तेच ती साधते. किकस्टार्टरवर त्याला १३ लाख डॉलरच्या वर मिळाले, म्हणजे भित्रे बरेच आहेत जगात.

अर्धवट_एल्फ

आमच्या टेबलावर मशालीचा टायमर लावला तर पहिली पंधरा मिनिटं 'तुझं कुठलं फेसबुक अपडेट राहिलंय का' यातच जातील. बाकी वेताळरावांना +१.

न्यूजर्सीकर

वेताळांनी दुसऱ्या आवृत्तीपर्यंत आणलं, पुढची कथा मी सांगतो कारण ती इथे राहून डोळ्यांनी बघितली आहे.

२००८ साली चौथी आवृत्ती आली (४ई). परंपरा विरुद्ध नवं काही, यावर बोलायचं तर याच्याइतकं मोठं उदाहरण या छंदात दुसरं नाही. तोपर्यंतचं रडगाणं काय होतं, तर विझार्ड दहाव्या लेव्हलला अख्खी लढाई एका स्पेलमध्ये संपवतो आणि फायटर बिचारा दर पाळीला 'मी तलवार मारतो' म्हणतो. हाइन्सू, कॉलिन्स आणि वायट या मंडळींनी तो प्रश्न खरंच सोडवला. सगळ्या क्लासना सारख्याच पद्धतीच्या पॉवर, काही कितीही वेळा, काही लढाईत एकदा, काही दिवसातून एकदा. प्रत्येक क्लासची लढाईतली भूमिका ठरलेली. मॉन्स्टरपण भूमिकेनुसार, आणि एक हिट पॉइंटवाले मिनियन, म्हणजे वीस जणांची टोळी टेबलावर उतरवली तरी डीएमला घाम फुटत नाही. माझ्या मते डीएमसाठी एवढी सोपी आवृत्ती आधी कधीच नव्हती.

आणि लोक भडकले. का भडकले? एक तर पहिल्या प्लेयर्स हँडबुकमध्ये बार्ड नाही, ड्रुइड नाही, मंक नाही, बार्बेरियन नाही, नोम हा बुटका वंशपण नाही. नऊ अलाइनमेंटच्या पाचच केल्या. आणि मला अजून आठवतं ते मॅजिक मिसाइल या स्पेलवरचं महाभारत. मॅजिक मिसाइल कधी चुकत नाही हे शेंबड्या पोरालाही माहीत, तर ४ई ने त्याला पण वार लागण्याचा रोल लावला. गणिताच्या दृष्टीने काही बिघडत नव्हतं. पण लोकांना ते सहन झालं नाही, शेवटी २०१० मध्ये नियम बदलून परत न चुकणारं केलं.

मधल्या काळात काय झालं, तर पायझो नावाची कंपनी, जी आधी ड्रॅगन आणि डंजन ही मासिकं काढायची, तिने २००९ मध्ये डंजन्स अँड ड्रॅगन्सच्या जुन्या साडेतीन (३.५) आवृत्तीवरच डागडुजी करून पाथफाइंडर काढलं. २००० सालच्या ओपन गेम लायसन्समुळे (ते नियम इतरांनाही वापरायची परवानगी) ते कायदेशीर होतं, आणि ४ई चं लायसन्स जास्त जाचक असल्यामुळे त्यांना दुसरीकडे जायला कारणही होतं. म्हणजे डंजन्स अँड ड्रॅगन्सच्याच जुन्या आवृत्तीने त्याच्या नव्या आवृत्तीशी टक्कर घेतली.

मग २०१२ पासून ५ई ची उघडी चाचणी, नऊ अलाइनमेंट परत, मॅजिक मिसाइल न चुकणारं, सगळं ओळखीचं. पण नीट बघा, विझार्डला कितीही वेळा वापरता येणारे कँट्रिप, छोटी विश्रांती घेऊन स्वतःच्या स्वतः हिट पॉइंट भरून काढणं, हे ४ई मधूनच आलंय, फक्त कपडे जुने घातलेत. २०२४ च्या सुधारित पुस्तकात तर अर्धे हिट पॉइंट गेले की 'ब्लडीड' हा ४ई चा शब्दसुद्धा परत आला.

तेव्हा फासेबाज, आतलं यंत्र हवं तसं बदल, पण ज्या चार-पाच गोष्टींवर लोकांचा जीव आहे त्यांना हात लावू नकोस. तुझ्या त्या २ई वाल्या मित्राला सहा अ‍ॅबिलिटींची नावं शीटवर दिसली की पुरे, त्यामागे तू काय करतोस ते त्याला सहा महिने कळणार पण नाही.

टीपीके_काकू

मी नवीन लोकांसाठी वन-शॉट (एका बैठकीत संपणारे खेळ) चालवते, बहुतेक कॉलेजची मुलं आणि कधीकधी त्यांचे आईवडीलपण, त्यामुळे माझं सगळं बोलणं त्या बाजूने आहे.

अ‍ॅबिलिटी स्कोअर काढ रे बाबा. दर वेळी तोच प्रश्न, 'काकू माझी डेक्स्टेरिटी १६ आहे मग मी १६ मिळवू का?' नाही राजा, ३ मिळव. मग १६ कशाला लिहिलंय? याचं माझ्याकडे उत्तर नाही आणि पुस्तकाकडेही नाही. पाथफाइंडरच्या दुसऱ्या आवृत्तीने २०२३ च्या नव्या पुस्तकांत स्कोअर काढून नुसता बोनसच ठेवला, अलाइनमेंटपण काढली, आभाळ काही कोसळलं नाही.

वार लागण्याच्या रोलचं मात्र जरा वेगळं आहे. ख्रिस मॅक्डॉवल यांचं इन्टू द ऑड बघितलंस का? तीनच अ‍ॅबिलिटी, आणि हल्ला केला की थेट नुकसानीचा फासा, लागला का नाही हा रोलच नाही. चिलखत असेल तर तेवढं वजा. हिट पॉइंट संपले की मार थेट स्ट्रेंग्थवर बसतो आणि सेव्ह (वाचण्याचा रोल) चुकला की आडवा. केर्न हा खेळ त्याच घराण्यातला आहे, तो तर फुकट मिळतो. मी केर्न चालवते तेव्हा लढाई दहा मिनिटांत संपते आणि मुख्य फरक असा की मुलं लढाई सुरू व्हायच्या आधीच विचार करतात, कारण एकदा सुरू झाली की कोणाला तरी लागणारच आहे, चुकायची सोय नाही. ५ई मध्ये 'बघू, चुकेल त्याचा वार' हा एक आधार असतो ना मनाला, तो निघून जातो.

पण डी२० टाकायच्या आधी अख्खं टेबल जे पुढे वाकतं आणि २० आला की जी आरोळी उठते, ती मला केर्नमध्ये तेवढी मिळत नाही, हे पण खरं सांगते. एक वडील होते, पहिल्यांदाच खेळत होते, शिफ्ट संपवून दमून आलेले, त्यांचा २० पडल्यावर ते खुर्चीवरून उठलेच. नुकसानीच्या फाशावर ६ पडला म्हणून कोणी उठताना अजून बघितलं नाही. त्यामुळे तू रोल काढणार असशील तर ती आरोळी दुसरीकडे कुठे मिळणार ते आधी ठरव.

आणि न्यूजर्सीकर, नावं ठेव आणि मागचं बदल हे लोकांना फसवल्यासारखं नाही का होत? आमच्याकडे असं केलं तर पोरं दुसऱ्या मिनिटाला पकडतात.

कोथरूडचा_कोबोल्ड

दोन मुद्दे, एक किरकोळ आणि एक नाही.

किरकोळ असा की १४ आणि १५ मध्ये ५ई मध्ये अगदीच फरक नाही असं नाही, २०१४ च्या पुस्तकात प्लेट चिलखताला स्ट्रेंग्थ १५ लागते, नाहीतर चाल दहा फुटांनी कमी. (माहीत आहे, कोणीच विचारलं नव्हतं.)

दुसरा असा की इथे सगळे परंपरा परंपरा म्हणतायत, ती नक्की कुठल्या सालची? १९७४ च्या पुस्तिकांमध्ये स्ट्रेंग्थ १८ असलेल्या फायटरला वार करताना काहीही बोनस नव्हता. फायदा एवढाच की एक्सपी थोडे जास्त. वार आणि नुकसानीचे बोनस १९७५ च्या ग्रेहॉक पुरवणीत आले. सगळी शस्त्रं सुरुवातीला डी६ च करायची, खंजीर असो की दोन हातांची तलवार, वेगवेगळे फासे पण त्याच पुरवणीत. चोर हा क्लाससुद्धा तिथलाच. अलाइनमेंट तीनच होत्या, लॉ, न्यूट्रल आणि केऑस. म्हणजे फासेबाजच्या मित्राला जे अनादी वाटतंय ते पहिल्या दोन-तीन वर्षांत लोकांनी केलेले प्रयोग आहेत, आणि टिकले ते टिकले.

उलट ज्याला आज नवीन म्हणतात ते केवढं जुनं आहे बघा. १९७८ च्या रूनक्वेस्टमध्ये क्लास नाहीत, लेव्हल नाहीत, टक्केवारीची स्किल्स, जे वापराल ते सुधारेल, चिलखत नुकसान कमी करतं. १९७७ च्या ट्रॅव्हलरमध्ये एक्सपी हा प्रकारच नाही, आणि कॅरॅक्टर बनवता बनवता मरायची सोय आहे. (तो अवकाशातला खेळ आहे, फँटसी नाही, माहीत आहे.) हे सगळं पहिल्या चार वर्षांतलं. त्यानंतरही डी२०-लेव्हल-हिट पॉइंट टिकले याचं कारण ते नियम चांगले होते एवढंच नाही, सगळ्यांना येत होते हे मोठं कारण आहे. नवीन माणूस दुसऱ्या शहरात जाऊन कुठल्याही टेबलावर बसू शकतो.

आणि कधीकधी तर बदल हा बदलच नसतो. थॅको घ्या, म्हणजे एसी ० वाल्याला वार लागायला डी२० वर किती पडायला हवं तो आकडा (तेव्हा एसी लहान तितका चांगला). थॅको १८, समोरच्याचा एसी ४, अठरातून चार गेले, १४ पडायला हवेत. २००० साली तिसऱ्या आवृत्तीने एसी उलटा केला, तोच माणूस एसी १६ झाला, तोच फायटर +२ झाला, अजूनही १४ च पडायला हवेत. शक्यता तीच. वजाबाकीच्या जागी बेरीज आली एवढंच, पण टेबलावर केवढा फरक पडला! माझ्या मते फँटसी आरपीजीतला सगळ्यात यशस्वी बदल हा आहे आणि त्याने खेळ एक टक्काही बदलला नाही. काकू म्हणतात तसा स्कोअर काढून बोनस ठेवणं हा पण तसलाच बदल आहे, त्यावर भांडायचं काही नाही. मित्राला सांग की तिसऱ्या आवृत्तीत आपण हेच केलं होतं, तेव्हा तू काही बोलला नाहीस.

वेताळ_टेकडीवाला

@न्यूजर्सीकर, ४ई बद्दल अजिबात पटलेलं नाही. मॅजिक मिसाइल आणि नोम हे वरवरचं झालं. ४ई मध्ये एक साधी लढाई तासभर सहज चालायची, ग्रिडशिवाय (चौकोन आखलेल्या नकाशाशिवाय) खेळताच यायचं नाही म्हटलं तरी चालेल, आणि बक्षीस सगळं लढाईत. म्हणजे खेळाडू डोकं कशावर खाजवणार, तर चौकोनांवर. दाराच्या मागे काय असेल, ऑर्कशी बोलता येईल का, यावर नाही. लोकांना ते शब्दांत सांगता येत नव्हतं म्हणून ते 'व्हिडिओ गेम वाटतो' म्हणायचे. कपडे बदलून ते दुरुस्त झालं नसतं.

न्यूजर्सीकर

@वेताळ, तासभर चालायची हे मान्य, सुरुवातीच्या मॉन्स्टरना हिट पॉइंट जरा जास्तच होते, पुढे तेही सुधारलं. पण चौकोनांवर डोकं खाजवणं हा पण एक खेळच आहे की. ज्यांना तो आवडतो त्यांनी पुढे तोच वेगळा काढून वाढवला. एमसीडीएम कंपनीचं ड्रॉ स्टील बघा, तिथे दोन डी१० टाकायचे आणि निकालाच्या तीन पायऱ्या, सगळ्यात खालच्या पायरीवर पण काहीतरी नुकसान होतंच, पाळी वाया जात नाही. आणि मला त्यातली सगळ्यात आवडलेली गोष्ट, प्रत्येक विजयाबरोबर पुढच्या लढाईची सुरुवात जास्त ताकदीने होते, आणि विश्रांती घेतली की ते विजय एक्सपीत जमा होऊन परत शून्य. ५ई मध्ये कसं, एक लढाई झाली, सगळे स्पेल उडवले, चला झोपू. २०१४ च्या डीएम गाइडमध्ये दिवसाला सहा ते आठ लढाया गृहीत धरल्यात, कोणाच्या टेबलावर होतात त्या? ड्रॉ स्टीलमध्ये खेळाडूच म्हणतात अजून एक खोली बघू. हेच काम तुमचं सोनं आणि मशाल करतात, फक्त तुमच्याकडे भीतीने पाय ओढला जातो आणि इथे हावेने पुढे ढकलला जातो.

@काकू, फसवणूक नाही हो. पुस्तकात सगळं छापलेलंच असतं, वाचायचं कोणी अडवलंय?

फासेबाज

बापरे, एका रात्रीत एवढं. सगळ्यांना दंडवत. काही लगेच ठरलं, काही नाही.

स्कोअर जातायत, सहा नावं आणि बोनस राहतील. मित्राला थॅकोचं उदाहरण दिलं, तो दोन मिनिटं गप्प होता आणि मग म्हणाला 'पण तीन डी६ टाकायला तरी दे'. तर तीन डी६ टाकायचे, बोनस लिहायचा आणि आकडा विसरायचा. खुश आहे तो.

सोन्याचा एक्सपी येतोय, मशाल आणि वजनासकट. वजन मात्र खान्यांतच मोजणार, शंभर नाण्यांना एक खाना असं काहीतरी. टायमर नाही लावणार, अर्धवट_एल्फ म्हणतो तसंच आमच्याकडे होईल, टर्न मोजायचं काम मित्राकडेच सोपवतो, त्याला पेन्सिलने खुणा करायला आवडतं.

वार लागण्याच्या रोलवर अजून अडलोय. काकूंनी त्या वडिलांचं सांगितलं आणि माझा विचार फिरला. आता असं डोक्यात आहे की खेळाडूंनी डी२० टाकायचा आणि मॉन्स्टरनी नाही, मॉन्स्टरचा वार थेट लागणार. म्हणजे आरोळी आपल्याकडे आणि भीती पण आपल्याकडे. कोणी असं खेळून बघितलंय का? पहिल्या लेव्हलला सगळे दोन मिनिटांत मरतील का?

टीपीके_काकू

मरतील. माझं नावच त्यावरून पडलंय (टीपीके म्हणजे टोटल पार्टी किल, अख्खी टोळी ठार).

पण मरू नयेत असं वाटत असेल तर चिलखताने नुकसान कमी होऊ दे, इन्टू द ऑडमध्ये आहे तसंच, आणि मॉन्स्टरचे फासे छोटे ठेव, गॉब्लिनला डी४ च्या वर नको. एकावर तिघांनी हल्ला केला तर तिघांचे फासे टाकून फक्त मोठा धरायचा, बेरीज करायची नाही, हे पण त्याच घराण्यातलं आहे आणि त्याने घोळक्यात सापडलेला माणूस लगेच आडवा होत नाही. ढाल फोडून एक वार पूर्ण वाचवता येईल असं ठेवलंस तर पोरं ढाली जपून वापरतात, छान दिसतं ते.

आणि ती तुमची इंडीवाली मैत्रीण काय म्हणाली ते सांगितलंच नाहीस.

फासेबाज

ती म्हणाली ठीकय, पण स्पेल स्लॉट (दिवसाला ठरावीकच स्पेल टाकायची मोजणी) ठेवलेस तर मी येणार नाही. त्यावर वेगळा धागा काढतो, इथे नको.

कोथरूडचा_कोबोल्ड

स्लॉटच्या धाग्यावर भेटूच. तोवर एक विनंती. सोनं, मशाल, वजन सगळं आणतोयस, तर १९८१ च्या संचातला रिअ‍ॅक्शन रोलपण आण. समोर कोणी आलं की डीएमने दोन डी६ टाकायचे, २ आले तर लगेच हल्ला, १२ आले तर दोस्ती, आणि मधल्या आकड्यांवर ते थबकतात, बघतात, बोलणी होऊ शकतात. तो नसेल तर वेताळरावांचे ऑर्क लाच घेणार कधी? शिवाय दिसला कोबोल्ड की घाल तलवार, असं वागवलेलं आम्हाला आवडत नाही.